रडला म्हणजे सुधारला

रामवाडी, पेण
मंगळवार, दुपार

प्रिय मालू,

अनेक आशीर्वाद. पुतळीचा ताप उतरल्याचं तुझ्या वडिलांनी शेजारी फोन करून कळवलं, तेव्हा जिवात जीव आला. पोरीला पेज दे, गोळ्या उपाशीपोटी देऊ नकोस. इकडची बातमी अशी, की येत्या रविवारी तुला परत आणायला इथून माणसं रोह्याला निघणार आहेत. माझा कमळाकर, आळीच्या मंडळाचे अध्यक्ष हैबतराव आणि त्यांच्याबरोबर आणखी दोघं-तिघं. नारळ, साडी, पुतळीला फ्रॉक, सगळी तयारी झाली. तुला परत आणायचं हे कसं ठरलं माहीत आहे? एका सिनेमावरून ठरलं गो! थट्टा करत नाही. तुझ्या सासूला थट्टा सुचावी असे दिवस नाहीत हे.

आपल्या थेटराला एक कौटुंबिक सिनेमा लागलाय. बायकोला झोडपणारा नवरा, पोरीला घेऊन माहेरी गेलेली बायको, मधल्यामधे सासू. म्हणजे आपलंच घर, फक्त खिडक्यांना पडदे बरे. पेपरात त्याची तारीफ एवढी, की विचारू नकोस. मारहाणीचे प्रसंग म्हणे अतिशय संयतपणे दाखवलेत, आणि प्रत्येक आईबापानं मुलांना बरोबर घेऊन बघावा असा हा सिनेमा आहे. सेन्सॉरनंही लहानथोर सगळ्यांसाठी म्हणून सोडलाय. मंडळानं रविवारी दुपारी सगळ्या आळीला नेलं, कमळाकरलाही ओढून नेलं. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण संयत म्हणजे काय ते मला तिथं बसल्या बसल्या कळलं. नवरा हात उचलतो, वाद्यं वाजतात आणि बाई पलंगावर पडते. पलंगावर! केसातला गजरासुद्धा सुटत नाही मेलीचा.

मला आपला शिमगा आठवला. पुरण शिजत होतं, तू चुलीपुढं होतीस, आणि कमळाकरनं मागून येऊन तुझ्या केसांना धरून तुला फरफटत ओसरीपर्यंत नेलं. का, तर कंपनीत दुसरी शिफ्ट लागल्याचा राग. पट्ट्याचं बक्कल तुटेपर्यंत मारलं. मी मधे पडले तर मला दाराच्या चौकटीवर ढकललं. पुतळी खाटेखाली तोंडात फ्रॉक कोंबून बसली होती, आवाज येऊ नये म्हणून. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तू गेल्यावर मी लादी पुसली, तेव्हा पुरणाच्या पातेल्याशी तुझा दात सापडला. दाखवा म्हणावं हे संयतपणे.

आणि आपली काशीबाई! सिनेमात ती एक थप्पड बसली तर हिनं पोरांच्या डोळ्यांवर पदर टाकला, हैबतरावांकडे वळून म्हणाली, असलं पोरांना दाखवू नये हो. मध्यंतरात बायकांत तोच वाद. एक म्हणते पोरांच्या मनावर परिणाम होतो, दुसरी म्हणते शेवट चांगला आहे, बघू दे. मी काशीबाईला म्हटलं, आमच्या घरातला आवाज मधल्या भिंतीतून तुझ्या पोरांना रोज ऐकू येत होता, तेव्हा पदर कुठं गेला होता गो तुझा? तोंड फुगवून बसली. सोडा घेऊन दिला होता तिनं मला, तोही अर्धा राहिला.

आता शेवट ऐक. सासू सुनेच्या माहेरी जाते, पदर पसरते, म्हणते पोर चुकलं, पदरात घे. नवरा दारात उभा राहून रडतो. बायको त्याचे डोळे पुसते, पोरगी दोघांच्या मधे, संपला सिनेमा. थेटरात हुंदकेच हुंदके. आणि कमळाकर रडला. असातसा नव्हे, पुढच्या खुर्चीवर डोकं टेकून हमसाहमशी. हैबतरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर आल्यावर पोपट रिक्षावाल्यानं त्याला पाणी दिलं. पेणमधल्या सगळ्या शहाण्यांनी त्याचं रडणं डोळ्यांनी पाहिलं, मग आणखी पुरावा कशाला? संध्याकाळी हैबतरावांच्या ओटीवर बैठक बसली आणि ठरलं, पोरगा सुधारला, सुनेला घेऊन येऊ. मी म्हटलं, सुंभ जळला तरी पीळ जळत नाय. तर मलाच गप्प केलं. म्हणाले, गिरजाबाई, तुम्ही आई असून पोराच्या वाईटावर काय?

मालू, मी त्याला जन्म दिलाय. त्याचं रडणं मला नवीन नाही. तुला मारून दमला की तो रडायचा, आठवतं का? माझ्या कुशीत डोकं घालून, आये, माझं डोकं फिरतं गो, म्हणून. तू चहा करून द्यायचीस. सिनेमावाल्यांच्या लेखी ते रडणं म्हणजे शेवट असतो, आपल्या घरी ते मध्यंतर असतं. पोरांना काय दाखवू नये असं मला कोणी विचारलं, तर मी सांगेन, ती थप्पड दाखवा खुशाल, तो शेवट दाखवू नका. त्या थेटरात फ्रॉक घातलेल्या कितीतरी पोरी बसल्या होत्या. सोसत राहिलं की एक दिवस तो रडेल आणि सगळं गोड होईल, एवढंच शिकून त्या घरी गेल्या. तुझे सासरे मिठागरावर होते. हातांना मिठानं भेगा पडलेल्या, त्या हातांचा मार बसला की गाल संध्याकाळपर्यंत झोंबायचा. मीही तशा एका दिवसाची वाट बघत राहिले. ते गेले तेव्हा त्यांचे पाय माझ्याच मांडीवर होते, मी चेपत होते. मरतानाही म्हणाले काय, तर जोरात दाब.

हे पत्र मी का लिहितेय ते आता सांगते. काल संध्याकाळी कमळाकरनं पाकीट आणि कागद आणून माझ्यापुढं टाकले. लिही म्हणाला, तू बोलावलंस तर ती येईल, माझ्या शब्दावर नाय येणार. मी पेन घेतलं आणि एवढंच विचारलं, की बाबा, लोकांच्या देखत तिच्या पाया पडशील का रे? बस. चुलीवरची उकळती आमटी त्यानं पातेल्यासकट माझ्यावर फेकली. डावा हात खांद्यापासून कोपरापर्यंत सोलून निघालाय. मग केस धरून डोकं भिंतीवर आपटलं, एक डोळा अजून उघडत नाही. आणि मग दारात बसून रडला, अगदी थेटरातल्यासारखा, आणि माझ्या हाताला दातांची पेस्ट फासली. आज तो शिफ्टला गेलाय, तेवढ्यात लिहितेय, आणि स्टँडजवळच्या पेटीत मीच टाकून येणार आहे. येऊ नकोस. हैबतराव पाया पडले तरी येऊ नकोस, नारळाला हात लावू नकोस. रविवारी मलाही बरोबर आणणार आहेत, सासू असली की बोलणं लवकर जुळतं म्हणतात. सगळे बसले की तुझ्या वडिलांना हे पत्र मोठ्यानं वाचायला सांग, कमळाकरच्या तोंडावर. मी पदर काढून हात दाखवीन. नंतर मी त्यांच्याबरोबर पेणला परतणार नाही. तेव्हा मला राहता का असं विचारत बसू नकोस मालू, माझा उजवा हात धर आणि आत घेऊन जा.

तुझीच सासू,
गिरजाबाई