डोंगरावरच्या तांबड्या चिंध्या

ति. दादा,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालता आला नसता, कंबर धरली आहे. कारण पुढे येईल.) वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, ते ट्यूबमधलं मलम टाकून दे आणि एरंडाचं पान गरम करून बांध. तुझ्या खोकल्याला अडुळसा. इकडे सगळी मजेत आहोत. सासूबाई ठणठणीत आहेत, फक्त माझ्याशी बोलत नाहीत. त्याचंही कारण पुढे येईल.

दादा, मी अगदी बदलून गेले आहे रे! डिचोलीला निसर्गजीवनाचं शिबिर झालं, त्याला पेडण्यातून आमच्या महिला मंडळाने मला पाठवलं. तिथल्या बाई म्हणाल्या, आता आपल्या गोव्याचं वेगळं राज्य झालं, पण सगळं पणजीच्या सरकारने करायचं म्हणून हातावर हात ठेवून बसू नका. आपला गाव आपण राखा आणि आपल्याला ठाऊक आहे ते दुसऱ्याला शिकवा. मी परतीच्या बसमध्येच शिकवायला सुरुवात केली. घरातला साबण गेला, रिठे आले. टूथपेस्ट गेली, राखुंडी आली. (सासूबाईंना दात नाहीत, तरी पहिला विरोध त्यांचाच.) पोदेराकडचे पाव प्लास्टिकच्या पिशवीतून आणायचे नाहीत असा नियम केला, तर आमचे कृष्णनाथराव ते खिशात कोंबून घेऊन आले. हे वास्कोच्या गाडीवर कंडक्टर, तुला माहीतच आहे. एकदा घाईत राखुंडी लावून गेले आणि चूळ भरायची राहिली. दिवसभर काळ्याकुट्ट दातांनी तिकिटं देत होते. उतारूंनी त्या दिवशी सुटे पैसे निमूट काढून दिले म्हणे.

पण खरी मजा डोंगरावर. आपल्या माहेरी चवथीला गणपतीवर रानफळं टांगून माटवी बांधतात ना, तीच इथली माटोळी. आणि इथली एक रीत आहे. कवंडाळाचा वेल कुठे, कांगल्याचं झुडूप कुठे, हे प्रत्येक घर गुपचूप राखतं. सासू सुनेला दाखवते, तेही सून मुरल्यावर. मला सासूबाईंनी यंदा दाखवलं. (इतकी वर्षं मी उमेदवारीच करत होते!) मला वाटलं, एवढं ज्ञान असं कोंडून ठेवणं काही बरं नव्हे. मग दर रविवारी बायकांना घेऊन डोंगरावर शाळाच सुरू केली. प्रत्येकीने आपली जागा दाखवायची, मी त्या झाडाचे गुण सांगायचे, आणि झाड दुर्मीळ आहे, राखा, अशी खूण म्हणून त्याला तांबडी चिंधी बांधायची. सुधारणा घरापासून करावी म्हणतात, म्हणून पहिली चिंधी सासूबाईंच्या वेलाला बांधली. (लुगडंही त्यांचंच फाडलं.) आणि वर्ग काय भरायचा म्हणून सांगू! देवळातल्या नाटकाला एवढी माणसं येत नाहीत.

आता एरवी लोक चवथीच्या आदल्या दिवशी डोंगरावर जातात. यंदा दुसरी आपल्या आधी नेईल या धास्तीने सगळ्या आठवडाभर आधीच गेल्या, आणि शोधायची गरजच नव्हती. चिंधी दिसली की तोड! काल सकाळी मी वर गेले तर चिंध्या तेवढ्या उरल्या होत्या. सासूबाईंचा वेल तर मुळासकट ओढलेला. खरं सांगते, मला रडूच फुटलं, आणि त्या नादात उतारावरून घसरले. (ही कंबर.) सासूबाईंच्या माटोळीत कवंडाळ नाही असं वर्ष त्या या घरात आल्यापासून गेलेलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "गणपतीवर आता काय टांगतलस, चिंधी?" तेव्हापासून अबोला. तरी मी खचलेले नाही हं. पुढच्या पावसाळ्याआधी रोपं करायचं मनात आहे.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
कमल

ता. क. एक नाजूक काम आहे. तुमच्या सावंतवाडीला लाकडाची रंगीत फळं करतात, त्यांच्याकडून डझनभर कवंडाळं करून घे. लिंबाएवढी, तांबडी, पण रंग फार चकचकीत नको. सासूबाईंची नजर अधू झाली आहे, नाक मात्र शाबूत आहे, तेव्हा वास जाईपर्यंत उन्हात ठेव. पेडण्याच्या गाडीवाल्याकडे दे. शिबिरातल्या बाईंच्या कानावर गेलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायला भाताची खळ आणायला चुलीपाशी गेले, तर सासूबाई आपणहून बोलल्या! म्हणाल्या, "माझे आणखी दोन जागे आसत. ते तुका सांगूक नाय." दादा, वेल आहेत अजून! मी त्यांना मिठीच मारली. कुठे आहेत ते विचारलं नाही, विचारणारही नाही. फळं मात्र पाठवच, आणि दुप्पट पाठव. ती माटोळीला नकोत. लोक अजून डोंगर धुंडाळतायत, त्यांना भलतीकडे गुंतवायला ती चिंध्यांपाशी टांगायची आहेत. युक्ती सासूबाईंची, आणि टांगायलाही त्या स्वतः येणार आहेत, काठी टेकत. तेव्हा रंग असेल तेवढा भडक चालेल. लांबून दिसला पाहिजे.