डाव्या वळणावरचा आवाज

कात्सुमी,

तुझ्या लाडक्या गाडीचा आवाज सापडला. महिनाभर चाकं खोलतोयस, बेअरिंगही बदललंस, तरी डावं वळण आलं की खुळखुळ सुरूच. आज तू ट्रेनने कामाला गेलास आणि मी गाडी घाटात नेऊन आणली. गॅरेजवाल्याची मुलगी आहे मी, कान तयार आहेत माझे. आवाज चाकातून नाही, शेजारच्या सीटखालून येत होता. हात घातला तर गोटी सोड्याची रिकामी बाटली निघाली, स्ट्रॉबेरीची. वळणावर ती घरंगळते आणि आतली गोटी वाजते.

तीन वर्षांत त्या गाडीत मला भाताचा एक मुटका खाऊ दिला नाहीस. "सांडेल," म्हणायचास. पाणीसुद्धा मी खाली उतरून प्यायचे. आणि ही जी कोणी आहे, तिला सोडा चालतो? ती शेजारची सीट इतकी पुढे सरकवलीय की तिथे बसून पाहिलं तर माझे गुडघे आपटले. बुटकी दिसतेय!

भात कुकरमध्ये आहे, मासा तुझा तू भाजून घे. मी घाटापलीकडे बाबांकडे चाललेय, बसने.

बाटली होती तिथेच परत ठेवलीय. मला न्यायला येणार असशील, तर डावी वळणं बावीस आहेत.

युकिए