अरुंद फिल्टरमधून आलेली वहिनी

ती. दादास,

धाकटीचा सा. न. आम्ही इकडे खुशाल आहोत. आईचे गुडघेसुद्धा रविवारपासून एकाएकी खुशाल आहेत, का ते पुढे येईलच. तुझा खोकला कसा आहे? तुझ्या त्या बेटावरच्या वेधशाळेत वारा फार, मफलर सोडू नकोस.

रविवारी ठरल्याप्रमाणे आईला शेजारी बसवून तुझ्याशी बोलायला बिनतारी रेडिओ लावला. नुसती खरखर, आणि तिच्यात कितीतरी जणांच्या मोर्सची टिकटिक एकदम (आपल्या सगळ्या आत्या एका खोलीत जमल्यासारखी). तू म्हणाला होतास, बारीक सिग्नल ऐकायचा तर फिल्टर अरुंद करावा, म्हणजे बाजूची गर्दी कापली जाते. मग मी कशाला हात आखडता घेऊ? बटण फिरवलं ते थेट शेवटापर्यंत. गर्दी गेली, खरखर गेली, एकच स्वच्छ सूर उरला (जरा ताटली आपटल्यासारखा घुमत होता आणि टिंबं एकमेकांना चिकटत होती, पण तेवढ्याशा फटीत दुसरं कोणी मावतच नव्हतं). नावाऐवजी जी कॉलसाइन येते, तिचं शेपूट तुझ्यासारखं वाटलं. आईला म्हटलं, घे, हा तुझा लेक.

आईने पहिलं काय विचारलं असेल ते तुला सांगायला नको. मी पाठवलं, जेवलास का? उत्तर आलं, हो, आत्ताच बायकोने वाढलं.

दादा, मी ते मोठ्याने वाचलं. हात लिहीत होता, तोंड वाचत होतं, डोकं मध्ये कुठेच नव्हतं. आई आधी रडली ("मला साधं विचारलंसुद्धा नाही!"), मग डोळे पुसून म्हणाली, "स्वयंपाक बरा करते का, विचार." मी विचारलं. मीठ जरा जास्त पडतं, असं आलं. "शिकेल हळूहळू," असं म्हणून आई गुडघे न धरता उठली आणि शेजारी सांगायला गेली.

तेवढ्यात तिकडून आलं, नातू उठलाय, आता थांबतो. नातू? लग्नाची बातमी कळून आईचे डोळे अजून वाळले नव्हते! तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. फिल्टर हळूहळू रुंद केला. खरखर परतली, आणि तिच्या तळाशी, जरासा बाजूला, मुंगीने दार वाजवावं तसा तू! तुझा सेट तापला की त्याचा सूर बाजूला सरकतो, हे लक्षातच राहिलं नव्हतं. तू सापडायच्या आधीच मी दार लोटून घेतलं होतं. म्हणजे माझे सगळे प्रश्न तू ऐकत होतास, बिचारा उत्तरंही देत होतास, आणि मी परक्या आजोबांच्या आमटीतलं मीठ मोजत होते. मग तूही विरलास.

आता रुंद ठेवावं तर तू बुडतोस, अरुंद करावं तर भलताच घरात शिरतो. माणसाने थांबायचं कुठे?

तुझी,
गोंधळलेली धाकटी

ता.क. आईला खरं सांगायचा धीर झालेला नाही. तिने सुनेसाठी ठेवणीतली शाल ह्याच बोटीने पाठवली आहे. तूच पांघर आणि मुकाट्याने परत आण.

आणखी ता.क. पत्र लिहायला घेतलं ते ज्यासाठी, तेच राहिलं. रुंद फिल्टरमध्ये तुझं शेवटचं वाक्य तुटक हाती लागलं: "पुढच्या बोटीने... दोघं येतोय." दादा, दुसरं कोण? दुरुस्तीचा रेडिओ असेल तर त्याला कोणी 'दोघं' म्हणत नाही. गादी एक घालू की दोन, तेवढं कळव. (आईने घातल्या दोन.)