फॅसिझमची सतरा कारणं

१२ जुलै २०२०, रविवार. टार्निट, मेलबर्न.
पुन्हा लॉकडाऊन. सुहासिनी आज हॉस्पिटलजवळच्या हॉटेलात राहायला गेली. आयसीयूतली डॉक्टर, घरी मला आणि उर्वीला संसर्ग नको, म्हणून दोन आठवडे. दोन मोठ्या बॅगा. जरा जास्तच वाटल्या, पण तिचं पॅकिंग असंच असतं. दारात बराच वेळ उभी होती. जाऊ ना, म्हणून विचारलं. मी म्हटलं, जा, नो वरीज. डोकं इटलीत होतं.
संकल्प: पंचवीस वर्षं आयटीत गेली, आता इतिहासाचा ऑनलाइन कोर्स. पहिला निबंध, इटलीत फॅसिझम का वाढला. दोन हजार शब्द. आठवड्यात हातावेगळा.

१९ जुलै
कारणं चार. युद्ध जिंकूनही मनासारखं काही मिळालं नाही म्हणून धुमसणारा देश, बेकारी, संप, जमीनदारांना वाटणारी क्रांतीची भीती. शब्द शून्य. आधी वाचन पक्कं हवं. मुदत वाढवून मागितली, कारण पॅन्डेमिक. वरण करपलं. उर्वी खोलीत जाऊन टोस्ट खाते. सोळाव्या वर्षी मुली अशाच.

३ ऑगस्ट, सकाळी ११
दोन आठवड्यांचे तीन झाले. आयसीयूत काम वाढलं असणार. आता घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही. जोडीदाराला भेटायला सूट आहे, असं उर्वीने दोनदा सांगितलं. मी तिला समजावलं, सूट असली म्हणून वापरायलाच हवी असं नाही. जबाबदार नागरिक. शिवाय निबंध ऐन रंगात. कारणं नऊ.

२२ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
गणपती घरीच केला. उंदीर बरा जमला. देव्हारा पुसताना पाहिलं, सुहासिनीच्या आईने लग्नात दिलेली अन्नपूर्णा नाही. बाळकृष्णही नाही. आमच्या घरचे टाक सगळे जागेवर. हॉटेलात एकटीला आधार लागत असेल. फोनवर तिच्या श्रद्धेचं मनापासून कौतुक केलं. पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. आमच्या हाउसिंग इस्टेटीत नेटवर्क कायम असंच.

२० सप्टेंबर
कारणं चौदा. आज रागच आला. तिथल्या उदारमतवादी पुढाऱ्यांना वाटत होतं, हे तात्पुरतं आहे, आपोआप निवळेल. राजाने आणीबाणीच्या हुकमावर सही केली असती, तर रोमवर चालून येणारे ते फॅसिस्ट अडवता आले असते. नाही केली. शिकलीसवरलेली माणसं, आणि डोळ्यांसमोरचं दिसू नये. समासात लाल पेनने लिहिलं: अक्षम्य.
दुपारी चित्रा आली होती, सुहासिनीबरोबर काम करते ती. सुहासिनीचे उन्हाळ्याचे कपडे घेऊन गेली. सुहासिनी पुढचा विचार करते, हे मला तिचं फार आवडतं. चित्राला चहा विचारला, तर माझ्याकडे न बघता निघाली. डिस्टन्सिंग.

२८ ऑक्टोबर, बुधवार
निर्बंध बरेचसे उठले. कारणं सतरा, शब्द एकशे दहा. पण आज निबंध नाही. सकाळी गाडी धुतली, आतून व्हॅक्यूम केली. उर्वीला म्हटलं, चल, आईला घेऊन येऊ. हॉटेल नक्की कुठलं, ते तिलाच विचारलं. इतक्या महिन्यांत विचारायचं राहून गेलं होतं.
ती म्हणाली, आई हॉटेलात जुलैपुरतीच होती. मग तिने राहायला छोटं युनिट भाड्याने घेतलं. ती परत येणार नाहीये. हे उर्वीला माहीत होतं, चित्राला माहीत होतं, पुण्याला सासूबाईंनाही माहीत होतं. उर्वी शनिवारी तिच्याकडे जात होती. मी समजत होतो, मैत्रिणीबरोबर वॉकला.
"बाबा, आम्हाला वाटलं तुला कळलंय," ती म्हणाली. "आय थॉट यू वर बीइंग ब्रेव्ह."
गाडी परत गॅरेजमध्ये लावली आणि तिच्यातच बसून राहिलो. फार रडू आलं. कोणत्या दिवशी थांबवायला हवं होतं, ते मोजायला लागलो, तर बरेच निघाले.
मग सुहासिनीला फोन केला. लगेच उचलला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तिने विचारलं, जेवलास का. मी हो म्हटलं.
जेवलो नव्हतो.