करणच्या गुडघ्याची पारख

शेलूबाजार,
गुरुवार

तीर्थरूप दाजींस,

हरिसिंगचा वाकून नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे रविवारपर्यंत होते. ताईची कंबर कशी आहे? (मी पाठवलेलं तेल तिनं दाराच्या बिजागरीला घातल्याचं कळलं. दार तरी बरं झालं असेल.) फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मध्ये बोलता. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतो आहे.

तर, तालुक्याच्या फुटबॉल लीगमध्ये यंदा नवी पद्धत आली. सगळ्या खेळाडूंची एक यादी करायची, सहा संघांनी चिठ्ठ्या काढायच्या आणि लागलेल्या नंबराप्रमाणे एकेक खेळाडू उचलायचा. पोरं याला ड्राफ्ट म्हणतात. ज्या आमच्या संघाला आजवर चहासुद्धा शेवटी मिळाला, त्याला पहिला नंबर लागला. मला धक्काच बसला. (चिठ्ठी मीच काढली होती, तरी दोनदा उलटून पाहिली.)

पहिला नंबर म्हणजे आसेगावचा करण, यात दुमत नव्हतं. एकोणीस वर्षांचा पोरगा, पण चेंडू त्याच्या पायात आला की समोरच्यांना नुसती धूळ दिसते. मात्र गेल्या वर्षी आसेगावच्या मैदानावरच्या सामन्यात आमच्याच एका पोराचा पाय आडवा आला आणि करणच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. ऑपरेशनला दहा महिने झाले. आता त्याला घेतलं आणि गुडघा पुन्हा गेला, तर आमचं वर्ष मातीत. नाही घेतलं, तर ‘हरिसिंगनं सोडला म्हणजे काहीतरी असेल’ म्हणून बाकीचे पाचही संघ हात आखडतील आणि पोरगं कायमचं घरी बसेल. मला तीन दिवस जेवण गेलं नाही.

शाळेत खेळ शिकवणाऱ्या मेहरुन्निसा मॅडम आमच्या संघाच्या निवड समितीच्या प्रमुख. त्यांनी डॉक्टरांचा रिपोर्ट वाचून दाखवला. खेळायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ होता म्हणे. पण तीन पानं इंग्रजी ऐकून आमचा होता तोही विश्वास उडाला. मग मी (दाजी, हसू नका) हबीबभाईंना बोलावलं. हे बैलबाजारातले दलाल. तीस वर्षांत त्यांनी पारखलेला एकही बैल लंगडला नाही.

हबीबभाईंनी रविवारी करणला खडीवरून चालवलं, दोन्ही बाजूंना वळवलं, खाली बसवून उठवलं, गुडघा दाबून पाहिला. दात बघायला निघाले तेव्हा मॅडमनी डोळे वटारले. पोरगा बिचारा सांगतील तसा वळत होता. मला लाज वाटली, पण मीही वाकून बघतच होतो. शेवटी हात झटकून हबीबभाई म्हणाले, “पाय साबूत हाय. पोरगा भिऊन राह्यला. डाव्या अंगानं कोनी आलं का अंग चोरते. जिथं पडला तिथंच याले पुन्हा उभा करा, मंग समजन.”

तीन पानांत हे कुठंच नव्हतं. काल त्याला आसेगावच्या मैदानावर नेलं आणि आमची पोरं त्याच्या अंगावर सोडली. ती इतकी जपून आली की पाहुण्याला पाणी द्यायला निघाल्यासारखी. त्यातून काय कळणार? निवड येत्या रविवारी आहे आणि आमचं अजून ठरत नाही.

बाकी क्षेम. ताईस नमस्कार, तुमच्या राजपालला आशीर्वाद. (गेल्या वर्षी आमच्या संघातून खेळून परत गेल्यापासून खेळ सोडून तो अभ्यासाला लागला म्हणे. चांगलं झालं.)

आपला मेहुणा,
हरिसिंग

ता. क. चांगलं झालं नाही. काल करणनं चेंडू पायाखाली थांबवला आणि मला म्हणाला, “काका, हे सारे मलेच भिऊन राह्यले. राजपालले बोलवा. त्याचाच पाय लागला व्हता, त्यानंच पुन्हा यावं.” दाजी, मी हादरलो. आम्ही पोराचा गुडघा दाबत बसलो आणि पोरगं तुमच्या पोराची वाट पाहत होतं. शनिवारी पहिल्या गाडीनं राजपालला पाठवा.

ता. क. दुसरा. तो येत नाही म्हणेल. का, तेही सांगणार नाही, त्यानं ताईलाही सांगितलेलं नाही. त्या दिवशी रेषेबाहेरून “आडवा हो, जाऊ देऊ नको” म्हणून ओरडणारा मीच होतो. मामानं हे स्वतःच्या हातानं लिहून दिलं, एवढं त्याला दाखवा. करणला हे अजून माहीत नाही. शनिवारी राजपालसमोरच त्याला सांगीन.