ख्रिसमस ट्रीखालचा पानओवा

बोरी बुद्रुक, मंगळवार, दिवेलागण

दारातल्या ख्रिसमस ट्रीखाली काय लावावं, हे काही केल्या उमगत नाही. झेंडू गेला, मोगराही गेला. शेणखत घातलं, कांद्याच्या वाफ्यासारखं पाणी सोडलं, तरी माती उघडी ती उघडीच. ह्यांचं एकच, "तोडून टाकू, ट्रॅक्टरला शेड व्हईल." पण ते झाड मी लावलंय, हातभर होतं तेव्हा. तोडू कशी देईन?

आज त्याच झाडामागे, भिंतीच्या कडेला, पानओवा दिसला. चांगला गुडघ्याएवढा! सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "म्या कशाला लावू? भज्यांना पानं खुडली अन् काड्या दिल्या तिकडं फेकून."

म्हणजे खत नाही, पाणी नाही. सावली तीच. मग ओव्यालाच एवढं काय मानवलं? परत जाऊन बघितलं. बुडाशी झाडाच्याच वाळक्या, टोचऱ्या पाल्याचा थर होता. त्याखाली बोट घातलं, तर माती गार, ओलसर! तिथे आमचा खराटा पोचत नाही. पुढचं अंगण मात्र मी रोज सकाळी लख्ख झाडते. पाला काढून टाकते आणि वर पाणी ओतते!

लगेच ओव्याच्या काड्या पुढे खोचल्या, वर पाला पसरला. सासूबाई बघतच राहिल्या. "दारात कचरा? पावणं काय म्हनतील?"

सकाळी त्या स्वतःच झाडायला निघणार, हे नक्की. म्हणून खराटा कांदे साठवायच्या बराखीत लपवून आलेय. त्या शोधायला लागल्या की मीही त्यांच्याबरोबर शोधणार.