लोट्यातली तापी

रबर असतं, बाबा, चामडं नाही. थांबा, मध्ये बोलू नका, आज मला पूर्ण बोलू द्या. नळाच्या तोटीत आता रबराची चकती बसवतात आणि रबर झाडाच्या चिकापासून होतं. काही महिन्यांपूर्वी मी ती चकती आईच्या हातावर ठेवली. तिनं उलटीपालटी करून पाहिली, वास घेतला आणि मला परत दिली. "मले काय सांगू राहिला? ज्यांनी नको म्हटलं होतं त्यांना सांग." म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही गेलात तेव्हा इंग्रज होते. आता ते नाहीत, संस्थानं गेली, आपली राजधानी नागपूरची भोपाळ झाली, आणि गल्लीच्या तोंडाशी नळ आला. एवढं सगळं इकडचं तिकडे झालं, पण आपल्या घरात पाणी कुठलं प्यायचं ते अजून तुम्हीच ठरवता.

तुमच्या शाळेत पहिला नळ बसला तो दिवस मला दिसतो. मिस्त्रीनं तोटी खोललीय, तुम्हीच त्याला खोलायला सांगितलंय. आत नाण्याएवढा चामड्याचा तुकडा, भिजून फुगलेला. तुम्ही तो बघता, वर्गात जाता आणि उरलेलं गणित पुरं करता. मधल्या सुट्टीत हुतूतू खेळून माझा घसा कोरडा पडलेला. मी सरळ तोटीला तोंड लावलं. तुम्ही मारलं नाहीत. कान धरलात आणि शाळेतून थेट राजघाटावर नेलंत, ऐन थंडीत. तांब्याच्या लोट्यानं माझ्या डोक्यावर तापी ओतलीत, एकदा, दोनदा, मी रडायचा थांबेपर्यंत. मग स्वतःही कपड्यांसकट पाण्यात उतरलात. "पोरगा प्याला म्हणजे बाप प्याला," एवढंच म्हणालात, आणि तुमचे दात वाजत होते. उपरण्याची कोरडी बाजू मला दिलीत, ओली स्वतःला ठेवलीत. परतताना गरम मावा जिलेबी घेऊन दिलीत. मी खात होतो आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. म्हणूनच तुमच्याशी भांडताना माझी वाक्यं अर्ध्यात तुटतात. तुम्ही नुसतेच चुकीचे असतात तर सोपं गेलं असतं.

तुमच्या मागं आईनं तुमचा नेम सोडला नाही. मोगलांच्या वेळच्या भंडाऱ्याचं, त्या जुन्या विहिरींचं पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून गल्लीतल्या हौदात यायचं तोवर तिचं चाललं. मग जुन्या नळ्या कुठंतरी फुटल्या, हौदाचं पाणी हिरवं झालं, नगरपालिकेनं वर फरशी टाकली. मी रोज आईच्या मागं लागलो. नळाचं पी, आम्ही उकळून देतो, बाळालाही तेच देतोय. आणि एक दिवस ती प्यायली. सहज, भांडण नाही, काही नाही. मी सगळ्यांना सांगत सुटलो. नेपानगरला कामाला जाताना गाडीत सोबतच्या लोकांना सांगितलं. माझ्या गोष्टी कुठलंच मासिक घेत नाही, पण ही गोष्ट मला जमली असं मला वाटलं.

मग बाळाला हगवण लागली. बरी झाली, पुन्हा लागली. तुमची नात दीड वर्षाची आहे, बाबा, तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तिचे डोळे खोल गेलेत, मनगटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. डॉक्टर विचारतात, "पाणी उकळून देता ना?" मी म्हणतो, देतो. ते माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी सुट्टी घेऊन घरी बसलो आणि पाण्यावर नजर ठेवली. बायको पाणी उकळते, कळशीत गाळते, निवायला ठेवते. सगळं बरोबर. मग आई येते, कोनाड्यातला तोच तांब्याचा लोटा घेते आणि त्यातलं ओंजळभर कळशीत सोडते.

"हे काय?"

"तापी," आई म्हणाली. "शुद्ध नको का करायला?"

बायको म्हणाली, "रोजच करतात. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

मी ओरडलो. नको होतं ओरडायला. आई शांतपणे म्हणाली, "तापी माणसाचं पाप धुते, तिले तुझे जंतू धुता येत नाहीत? एवढं कॉलेज शिकला, नागपूरले राहिला, हाच का तो हुशारपणा?" मी म्हटलं, आई, राजघाटाच्या वर नाला मिळतो. ती म्हणाली, मिळू दे, नदी आहे, तिला सगळेच मिळतात.

त्या नाल्यात काय जातं, बाबा? मागच्या दारानं एक बाई येते, आपल्या संडासातली टोपली उचलून नेते, नाल्याकाठी रिकामी करते. तुमच्या वेळी तिची सासू येत होती. आपण दार लावून घेतो आणि ते गेलं असं समजतो. ते कुठं जात नाही. ते लोट्यातून परत येतं आणि माझ्या मुलीच्या पोटात जातं. ती बाई नळापाशी हंडा घेऊन लांब उभी असते. कुणी वरून ओतलं तर तिला पाणी. परवा मला म्हणाली, "भैया, नळ तुमच्या गल्लीच्या मोडपर्यंत आला, आमच्याकडे कधी?" मी म्हटलं, येईल. "येईल तर येईल," ती म्हणाली, "तोवर ओता." मी ओतलं. चामडं हे निमित्त होतं ना, बाबा? एकाच नळीतून तिच्याही घरी आणि आपल्याही घरी, हे तुम्हाला सोसलं नसतं. बोला ना. नाही, बोलू नका.

मी आईला म्हटलं, लोटा मी टाकून देतो. तेव्हा ती पहिल्यांदा रडली. "त्यांची राख त्याच पाण्यात सोडली ना रे तू? तूच सोडली. ते पाणी मी टाकू?" आई खरं बोलते आणि बाळ आतल्या खोलीत पडलंय, रडायलाही तिच्या अंगात जोर नाही.

म्हणून आज आई दुपारी कीर्तनाला गेली तेव्हा मी लोटा खाली काढला. तापी पातेल्यात ओतली आणि स्टोव्हवर ठेवली. बायको दारात उभी राहिली. मला वाटलं ती म्हणेल, पाप लागेल. ती म्हणाली, "झाकण ठेवा, लवकर उकळेल." तळाशी गाळ बसला. उकळताना तापीचा आवाज साध्या पाण्यासारखाच येतो. गाळून परत लोट्यात भरली, लोटा कोनाड्यात ठेवला. आई रोज पहाटे लोटा घाटावरून भरून आणते, म्हणजे आता रोज हेच करावं लागणार, तिची पाठ फिरली की.

हे पत्र राजघाटावर सोडायचं ठरवलं होतं. नाही सोडत. त्या पाण्यात आणखी काही नको. आणि एक, हे कुणाला कळू देऊ नका. स्टोव्ह पेटवण्याआधी मी चपला काढल्या, पातेल्याला हात जोडले आणि म्हणालो, बाबा, थोडं गरम लागेल.

आई लवकर आली. स्वयंपाकघरात आहे. कोनाड्याशी भांडं वाजलं.

"काय रे, लोटा कोमट कसा?"

बाहेर बायका ओरडतायत, नळ आला. कळशी घेतली, जातो.